पथ्य पोटाचं की जातीचं?

डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, मग आडनाव विचारलं. पोटातल्या आगीचा आडनावाशी काय संबंध हे मला तेव्हा कळलं नाही. त्यानं छापील कागद काढला. वर ‘खावे’, खाली ‘खाऊ नये’. खावे : वरणभात, साजूक तूप, मुगाची खिचडी, दुधी, ताक. खाऊ नये : मटण, मासे, अंडी, तिखट, तेलकट. कागद माझ्या हातात देताना म्हणाला, “आणि तुमच्याकडं जे काय चालतं ना, ते तर आधी बंद.”

मी विचारलं, “आमच्याकडं म्हणजे?”

तो हसला. पुढच्या पेशंटला हाक मारली.

दोस्तांनो, हा लेख त्या हसण्यावर आहे. आणि धुरावलेल्या डुकराच्या बरगड्या नाजूक पोटाच्या माणसानं कशा शिजवून खाव्यात, यावरही आहे. या दोन गोष्टी वेगळ्या वाटत असतील तर थोडं थांबा.

आधी माझ्या पोटाचं सांगतो. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली काम. रात्रपाळी, वडापाव, दहा कप चहा, परत चहा. जेवणाची वेळ जहाज ठरवतं, पोट नाही. दोन वर्षांत छातीपर्यंत जळजळ, आंबट ढेकर, पहाटे उठून बसणं. बॅरिस्टराचं पोट नाजूक असतं ते वेगळं आणि हमालाचं नाजूक होतं ते वेगळं. त्याचं जन्मजात, आमचं कमावलेलं. सुट्टी काढून पुण्याला मावशीकडं आलो. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. बुधवार पेठेत राहते. दगडूशेठच्या देवळात नारळ फुटतात तिथून चालत पाच मिनिटं; आणि अप्पा बळवंत चौकात पोरं स्पर्धा परीक्षेची गाइडं घेतात तिथूनही पाचच मिनिटं. पण या दोन्ही गर्दीतली माणसं मावशीच्या गल्लीत शिरत नाहीत. शिरलीच तर मान खाली घालून शिरतात. धंद्यातल्या बायकांची गल्ली. मावशी त्यांना जेवणाचे डबे देते. कानडी, तेलुगू, बंगाली, नेपाळी — सगळ्या भाषांची पोटं तिच्या हाताखालून गेली आहेत.

आता बरगड्यांचं. चळवळीतला एक मित्र आहे, नागालँडचा, इथं कॉलेजात शिकतो. घरून परतताना त्यानं बरगड्यांची एक अख्खी फळी आणली. कोळशासारखी काळी, लाकडासारखी कडक. त्यांच्याकडं मांस चुलीच्या वर टांगतात, कित्येक दिवस धुरावर ठेवतात. फ्रीज नसलेल्या डोंगरात मांस टिकवायची ही विद्या आहे. आमच्या बायाही तेच करत आल्या. बैलाच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. पावसाळ्यात ऊन नसलं की तीच दोरी चुलीवर. कुठं नागालँड, कुठं महाराष्ट्र. पण भूक दोघांनाही एकच शाळा शिकवून गेली.

मित्र राहतो एका सभ्य पेठेत. त्यानं भांडं गॅसवर ठेवलं आणि अर्ध्या तासात घरमालकीण दारात. “हा कसला वास?” दुसऱ्या दिवशी, महिनाअखेर खोली सोडा. यात नवीन काही नाही. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. तिच्यात सुरक्षेच्या सूचनांबरोबर हेही होतं, की बांबूचे कोंब, अखुनी असले वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा. पोरींना छेडणाऱ्यांसाठी पुस्तिका निघाली नाही. वासासाठी निघाली.

तर तो फळी पेपरात गुंडाळून मावशीकडं आला. म्हणाला, “मावशी, इथं चालेल का?” मावशी म्हणाली, “आरं इथं कोन इचारतंय? या गल्लीत मानसं ईकत्यात आन् घेत्यात. वासाला नाक मुरडायला हितं येळ न्हाय कुनाला.”

पुण्यात डुक्कर शिजवायला ज्या गल्लीत आडकाठी नाही, ती हीच गल्ली. बाकी शहराची शुद्धता जिथं संपते, तिथंच माणसाला चूल मिळते. यावर कविता करायची माझी फार इच्छा झाली. पण आधी भूक होती. आणि खिशात डॉक्टरचा कागद होता.

मावशीनं कागद वाचून घेतला. तिला अक्षरं येत नाहीत, मी वाचला. ती म्हणाली, “तेल-तिखट नगं म्हनतोय ते खरं हाय. पन मटान नगं, ते का?” मग तिनं सांगितलं. या गल्लीत टीबीच्या गोळ्या घेणाऱ्या बाया आहेत. एचआयव्हीच्या औषधावर असलेल्या आहेत. रात्रभर जागून दुपारी पहिला घास खाणाऱ्या आहेत. २०२०च्या टाळेबंदीत नुसत्या चहावर दिवस काढलेल्या आहेत. पोटात काही ठरत नाही. त्यांना खिचडी घाला, दोन दिवस खातात, तिसऱ्या दिवशी ताट सरकवतात. माणूस आपलं ओळखीचं अन्न मागतो. म्हणून ती गेली कित्येक वर्षं हेच करते आहे : ज्याचं जे अन्न, तेच, पण पोटाला झेपेल असं.

तिची रीत मी नीट बघितली, लिहून घेतली. चळवळीच्या अंकात पाककृती आली म्हणून नाकं मुरडू नका. जाहीरनामे पुष्कळ छापले, एक रस्सा छापू.

पहिलं, फळी कोमट पाण्यानं धुवायची आणि सुरीच्या पाठीनं वरची काजळी खरवडून काढायची. धुराची चव आत मुरलेली असते, वरचा काळा थर फक्त कडू आणि वाईट. मग बरगडी-बरगडी वेगळी करायची. कडेला लोंबणारी पांढरी चरबी कापून टाकायची. मित्राच्या जिवावर आलं, त्यांच्याकडं चरबी हाच मान. मावशीनं त्याच्यासाठी दोन तुकडे बाजूला ठेवले. पोट धड असलेल्यानं खावी, आजाऱ्यानं नाही.

दुसरं, तुकडे गार पाण्यात तासभर भिजत ठेवायचे, मध्ये एकदा पाणी बदलायचं. मांस खारवलेलं असलं तर मीठ सुटतं. मग भांडं गॅसवर. एक चांगली उकळी, पंधरा मिनिटं. ते पाणी फेकून द्यायचं. तपकिरी, तेलकट, धुरकट पाणी असतं ते. जळजळीचं अर्धं कारण त्या पाण्याबरोबर मोरीत जातं.

तिसरं, नवीन पाणी, त्यात ठेचलेलं आलं, चिमूटभर हळद, कोथिंबिरीचे देठ. बस. मिरची नाही, टोमॅटो नाही, चिंच-आमसूल नाही, कांद्याखोबऱ्याचं तळलेलं वाटण नाही. मीठ शेवटी, चाखून. कुकरला एक शिट्टी झाली की आच बारीक करून अर्धा तास, नंतर झाकण काढून आणखी अर्धा तास मंद. धुरावलेलं मांस पुरतं शिजलं तरी आतून तांबूस दिसू शकतं, म्हणून रंगावर जायचं नाही. हाड दोन बोटांनी ओढलं की सुटलं पाहिजे. ही चैन नाही, गरज आहे. कच्च्या डुकरातून फीतकृमी पोटात जातो, आणि त्याच कृमीची अंडी घाणीतून, हातातून पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचून झटके येतात. म्हणजे शिजवणं आणि हात धुणं दोन्ही पाहिजे.

चौथं, आणि हे खरं गुपित. लगेच वाढायचं नाही. निवलं की भांडं फ्रीजमध्ये. मावशीकडं एक जुना खडखडणारा फ्रीज आहे. सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला असतो, पुरीसारखा उचलून काढता येतो. खाली उरतो आळणी रस्सा. त्याला परत खळखळून उकळी द्यायची, त्यात दुधीच्या फोडी किंवा बटाटा. मांस हाडावरून सोडवून बारीक करायचं आणि मऊ भातावर रस्सा घालून खायचं. पहिल्या दिवशी दोनच तुकडे. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही; दोन-तीन तास तरी बसा, चाला. रात्रपाळीवाल्यांनो, हे आपल्यासाठी.

मी खाल्लं. धुराचा वास होता, पोटात आग नव्हती. बरोबर दुधी होता, मऊ भात होता. म्हणजे डॉक्टरच्या कागदावरच्या ‘खावे’ मधल्याही दोन गोष्टी होत्या. शेजारच्या खोलीतली एक बाई वाटी घेऊन आली. गोळ्यांमुळं तिला कसलाच वास सहन होत नाही, पण ही वाटी तिनं पुरती संपवली. मित्र म्हणाला, आमच्याकडं यात बांबूचा कोंब आणि झणझणीत मिरची असती. मावशी म्हणाली, “बरा झालास की घाल. पोट म्हंजी लेकरू हाय, येकदम धावाय लावू नगं.”

आता त्या कागदाकडं परत येऊ.

चरबीनं पोट हळू रिकामं होतं, जळजळ वाढते, हे खरं. मिरची, आंबट, तळलेलं, रात्री उशिराचं जेवण — नाजूक पोटाला वैरी, हेही खरं. धुरावलेलं, खारवलेलं मांस रोज खाऊ नये हे तर अजून खरं : २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. म्हणून मावशीसुद्धा महिन्या-दोन महिन्यातून एकदा करते. हे सगळं डॉक्टरनं मला सांगितलं असतं तर मी त्याला सलाम केला असता. त्यानं सांगितलं काय? ‘तुमच्याकडचं’ बंद. चरबी बंद नाही, मिरची बंद नाही. आधी आम्ही बंद. आणि चरबीच वाईट, तर साजूक तूप ‘खावे’ मध्ये कसं? डुकराची चरबी पोटाला जड आणि गाईची चरबी पोटाला हलकी, हे कुठल्या शास्त्रात? पोटाच्या शास्त्रात नक्की नाही.

ते ज्या शास्त्रात आहे ते आपल्याला माहीत आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाचे तीन वर्ग पाडले आहेत, सात्त्विक, राजस, तामस. ताटाची वर्णव्यवस्था. आमचं ताट कुठल्या पायरीवर ते सांगायला नको. गंमत अशी की यांच्याच वैद्यकाच्या ग्रंथांना हे मान्य नव्हतं. चरकसंहितेत वराहाचं म्हणजे डुकराचं मांस बळ देणारं, थकवा घालवणारं आणि पचायला जड असं नोंदवलं आहे. अशक्त रोग्याला मांसरस सांगितला आहे. म्हणजे जुना वैद्य मांसाचा गुण बघत होता, दोषही बघत होता. मावशी तेच करते. आजचा छापील कागद मात्र आडनाव बघतो. चरक वाचलेला कोण म्हणायचा, डॉक्टर की निरक्षर मावशी?

आणि हे पुणं आहे बाबांनो. या शहराला कुणी काय खाल्लं याची मोजदाद करायची जुनी खोड. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य आलं, प्रायश्चित्ताची भाषा झाली. तुम्ही म्हणाल ते गेलं. गेलं? सप्टेंबर २०१७ मध्ये याच शहरात हवामान खात्यातल्या एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीवर पोलिसात फिर्याद दिली. गुन्हा असा की तिनं ब्राह्मण असल्याचं सांगून सोवळ्याचा स्वयंपाक केला. फार बोंब झाली तेव्हा फिर्याद मागं घेतली. ढग मोजणाऱ्या विज्ञानाला सोवळं मोजता येईना! त्या बाईच्या हातचं अन्न वर्षभर पचलं होतं. जात कळल्यावर पचेनासं झालं. याला मी म्हणतो खरं नाजूक पोट. त्याला औषध डॉक्टरकडं नाही.

सरकारनंही पंगत मांडलीच आहे. २०१५ साली कायदा बदलून गाईबरोबर बैलाचीही कत्तल महाराष्ट्रात बंद झाली. चान्यांची दोरी रिकामी झाली. डुकरावर कायदा नाही. त्याला घरमालक पुरेसा आहे.

पण इथपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्यांनो, आता आपल्या घरात या.

आपल्यात दोन तऱ्हा आहेत. एक, नोकरीला लागलेला, फ्लॅट घेतलेला. तो डुकराचं नाव काढलं की खिडकी लावतो. सोसायटीत सांगतो, आम्ही फक्त चिकन, तेही रविवारी. मी मांगाचा पोरगा. आमच्याकडं डुक्कर चालायचं. शेजारच्या बौद्ध मित्राच्या घरात बैल चालायचा, डुक्कर नाही. तो आम्हाला हसायचा. आम्ही आणखी कुणाला हसायचो. उतरंड ताटातही होती. बाबासाहेबांनी १९२७ला महाडात सांगितलं ते मेलेलं ढोर सोडा, उष्टं सोडा, लाचारी सोडा. त्यांनी वरणभाताला शरण जा असं सांगितलेलं नाही. लाचारी सोडायची होती. आपण चव सोडली आणि लाचारी ठेवली.

दुसरी तऱ्हा आपल्याच पोरांची, माझ्यासकट. आपण म्हणतो, ते नको म्हणतात ना, मग खाऊच. चरबीसकट, लालभडक, वर दारू. म्हणे विद्रोह. अरे, कसला विद्रोह? तिशीत पोटाला भोक पडून मेलास तर व्यवस्थेचं काय वाकडं झालं? ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा हमाल लावतो. चळवळीत मी चांगली पोरं अशी जाताना पाहिली. अभिमान जठरात शिजत नाही. शौचाला काळं होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, वजन उतरत असेल तर मावशीच्या रश्शाच्या नादी लागू नका, माझा लेखही फेका, आणि सरळ ससूनला जा. रांग लावा, तपासणी मागून घ्या. डॉक्टर आडनावाला हसला तर त्याला तिथंच विचारा. पण तपासणी सोडू नका. दवाखाना आपल्याही बापाचा आहे.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे : पथ्य पाळा, पण पोटाचं. जातीचं पथ्य पाळू नका, आणि जातीच्या रागानं पोटाचं पथ्य मोडूही नका. आपल्या वस्तीतल्या आजाऱ्याला आपलंच अन्न, त्याला पचेल असं शिजवून देणं ही खालची गोष्ट नाही. ते ज्ञान आहे. ते मावशांकडं आहे, लिहिलेलं नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या आपल्या चुलींची नोंद केली. एका माणसानं एका मुलखाची केली; बाकीच्या मुलखांची कोण करणार? आणि आजाऱ्याच्या ताटाची? चळवळीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजता, मोजा. तिथंच चार म्हाताऱ्या बायका बसवा आणि विचारा, बाळंतिणीला काय देत होतात, तापातून उठलेल्याला काय, पोट बिघडलेल्याला काय. जे चुकीचं आहे ते डॉक्टरकडून तपासून टाका. जे बरोबर आहे ते छापा.

मावशीच्या गल्लीतून बाहेर आलं की समोर भिडेवाड्याची जागा. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथं काढली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, स्मारकासाठी. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, आमच्या मांगाची चौदा वर्षांची पोर. तिनं १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. चौदा वर्षांच्या पोरीला जे धाडस झालं ते आपल्याला एक रस्सा लिहिताना का होऊ नये?

शेवटी तथागताची गोष्ट. पावा गावचा चुंद, लोहाराचा पोरगा. त्यानं बुद्धाला जेवायला बोलावलं. पानात ‘सूकरमद्दव’ होतं. कुणी म्हणतं ते डुकराचं कोवळं मांस, कुणी म्हणतं डुकरांना आवडणारी अळंबी. पंडित भांडोत. जेवल्यावर ऐंशी वर्षांच्या बुद्धाला रक्ती हगवण लागली. पुढं कुशिनाऱ्याला त्यांनी देह ठेवला. पण त्या वेदनेतही त्यांना काळजी कशाची? चुंदाला कुणी बोल लावू नये याची. आनंदला त्यांनी सांगून ठेवलं : चुंदाचं मन खायला उठेल, त्याचं समाधान कर. बोधीआधीचं जेवण आणि हे शेवटचं जेवण, दोन्ही दानांचं पुण्य सारखं.

पोट बिघडलं, पण वाढणाऱ्याची जात काढली नाही. आजाराला आजार म्हटलं. गरिबाच्या चुलीला पाप म्हटलं नाही.

डॉक्टरसाहेब, एवढं एक पथ्य तुम्ही पाळा. बाकीची आम्ही पाळतो.

जयभीम.